वाळूवरची रग्बी आणि उपजीविकेचा प्रश्न

समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत रग्बी खेळून आपल्याकडे कोणाचा चरितार्थ चालतो असे मला म्हणता येणार नाही, आणि आपल्या मुलामुलींच्या तोंडून या खेळाचे नाव ऐकून जे पालक चिंतातुर झाले आहेत त्यांना ही गोष्ट आरंभीच स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. परंतु एवढ्यावरून हा सारा वेळेचा अपव्यय आहे असा निष्कर्ष काढून जे पालक मुलाच्या हातातला चेंडू काढून घेतात, ते माझ्या मते घाई करतात. कारण या खेळाची दोन अंगे आहेत, एक खेळण्याचे आणि दुसरे तो घडवून आणण्याचे, आणि पोटापाण्याच्या दृष्टीने पाहता दुसरे अंग पहिल्याहून अधिक फलदायी आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फारसे कोणी सांगत नाही.

रग्बी या देशाला अगदीच परकी नाही. 1872 सालच्या नाताळात कलकत्त्यास तिचा सामना झाला, त्यातून तेथे एक क्लब उभा राहिला, आणि पुढे तो क्लब मोडला तेव्हा त्याच्या खात्यावरील चांदीचे रुपये वितळवून जो चषक घडवण्यात आला, त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश 1879 पासून आजतागायत झुंजत आहेत. आपल्या मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. पंधरा जणांच्या मूळ खेळातून 1883 साली स्कॉटलंडमधील मेलरोझ या गावी सात जणांचा आटोपशीर खेळ निघाला, आणि 2016 साली रिओ येथे तोच ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला. वाळूवरची रग्बी ही याच संक्षेपाची पुढची पायरी असून इटली आणि युरोपातील इतर देशांच्या किनाऱ्यांवर उन्हाळ्याच्या दिवसांत ती रूढ झाली.

तिचे नियम अर्ध्या तासात समजतात. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, राखीव खेळाडूंची अदलाबदल हवी तितक्या वेळा, आणि पाच ते सात मिनिटांची दोन सत्रे. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो; प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो वाळूवर टेकवला की ‘ट्राय’ झाला, आणि एका ट्रायचा एक गुण. पायाने लाथाडणे नाही, स्क्रम नाही, लाइनआउट नाही, आणि गोलाकडे चेंडू मारायचाच नसल्यामुळे ते उंच खांबही रोवावे लागत नाहीत. खेळ अनवाणी चालतो. वाळूत धावणाऱ्याचे पाऊल घोट्यापर्यंत रुतते, वेग निम्म्यावर येतो, आणि समोरचा बचावपटू खांदा खाली घालून मांड्यांना मिठी मारतो त्या क्षणी चेंडू बगलेतून सोडवून मागून येणाऱ्या सोबत्याच्या हाती देता आला तरच चढाई जिवंत राहते. केवळ अंगबळावर विसंबणारा गडी तिसऱ्या मिनिटाला धापा टाकू लागतो, आणि ज्याची नजर सोबत्यांवर आहे तो शेवटपर्यंत टिकतो.

कबड्डीच्या मातीत वाढलेल्या आपल्या मुलांना या खेळातील पकड शिकवावी लागत नाही, तिला केवळ वळण द्यावे लागते. घोटा धरणे, कंबर पकडणे, सोबत्याबरोबर साखळी करून चढाईवाल्याची वाट अडवणे ही सारी विद्या त्यांच्या अंगी आधीच असते. खांद्याच्या वर हात जाता कामा नये आणि खाली पडलेल्याला चेंडू सोडण्यास अवसर द्यावयाचा, हा संयम तेवढा बाणवावा लागतो. लहान मुलांनी मात्र पकडीचा खेळ न खेळता स्पर्शाचा खेळ खेळावा, ज्यात नुसता हात लावला की पकड झाली असे मानतात. डोक्याला मार बसून ज्याला क्षणभर जरी भोवंडल्यासारखे झाले, त्याला तत्काळ बाहेर काढून त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू द्यावयाचे नाही, हा दंडक मोडणाऱ्या शिक्षकाच्या हाती पालकांनी आपले मूल कदापि सोपवू नये. या बाबतीत मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही.

खेळाडू म्हणून पुढे जाऊ इच्छिणाऱ्याने वाळूला उद्दिष्ट न मानता सात जणांच्या रग्बीकडे जाण्याचा मार्ग मानावे. राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत सात जणांच्या रग्बीला स्थान आहे. 2025 साली मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगही भरली. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी विद्यार्थ्यांच्या निवासी संस्थेने तर देशाच्या संघाला अनेक मुली दिल्या आहेत. केंद्र सरकारने 2020 साली खेळाडूंच्या नोकरभरतीसाठी मान्य असलेल्या खेळांची यादी 43 वरून 63 वर नेली तेव्हा तीत रग्बीचाही समावेश केला, आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तथापि भारतीय संघाचा दरवाजा अरुंद आहे; सबब ज्यांना तेथवर पोचता येणार नाही अशा बहुसंख्य मुलांचा विचार करणे अगत्याचे आहे.

अशा मुलांनी एकदा तरी स्पर्धा भरवून पाहावी. वाळूवरच्या रग्बीचा खर्च तुटपुंजा असतो; चेंडू, सीमारेषेसाठी रुंद रंगीत पट्ट्या, कोपऱ्यावर लवचीक निशाणे, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी एवढ्यावर एक दिवसाची स्पर्धा पार पडते. परंतु या दिवसामागे जी तजवीज लागते ती कोणत्याही विद्यालयाच्या अभ्यासक्रमात नाही.

प्रथम तिथी पाहावी. कोकणातील जाणती माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती सुमारे तीन वाजता आणि ओहोटी नऊच्या सुमारास. या हिशेबाने अष्टमीस भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे ऊन सौम्य असण्याच्या नेमक्या वेळी पाणी वर चढलेले असते आणि वाळू मोकळी सापडते ती भर दुपारी. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे येऊन पहाटे आणि संध्याकाळी समुद्र दूरवर ओसरतो, आणि किनारा सर्वांत रुंद त्याच दिवसांत मिळतो. एवढे गणित जमले तरी बंदराच्या छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ते ताडून पाहणे उत्तम. खेळाची आखणी मात्र भरतीच्या रेषेच्या वरच्या मऊ, कोरड्या वाळूत करावी. ओल्या, घट्ट वाळूवर पडणे हे जमिनीवर पडण्यासारखेच असते. आदल्या संध्याकाळी चार मुलांनी दाताळ्याने सारी जागा विंचरून शिंपले, काचा, गळ आणि जाळ्यांचे तुकडे वेचून काढावेत, आणि पट्ट्यांच्या खुंट्या वाळूखाली पुरून टाकाव्यात.

नंतर येतात अर्ज. जिल्हाधिकारी कचेरी, महाराष्ट्र सागरी मंडळ, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, पोलीस ठाणे यांपैकी कोणाकोणाची परवानगी लागेल हे त्या त्या किनाऱ्यावर अवलंबून असते, म्हणून पहिली चौकशी महिना-दोन महिने आधी करावी, अर्जाची प्रत ठेवावी आणि तीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. ज्या कोळीवाड्याच्या समोर खेळ व्हायचा त्याची संमती कायद्याने लागो वा न लागो, ती घ्यावी, कारण होड्या ओढण्याची आणि मासळी वाळवण्याची जागा ही त्या लोकांच्या पोटाची जागा आहे. वेळास, आंजर्ले यांसारखे जे किनारे हिवाळ्यात कासवांच्या विणीचे असतात, तेथे त्या दिवसांत स्पर्धेचा विचारही मनात आणू नये. पावसाळ्यात समुद्राजवळ खेळ भरवणे धोक्याचे. शेवटी जमाखर्च: देणगी देणाऱ्याला पावती, प्रत्येक खर्चाला बिल, आणि स्पर्धेनंतर आठ दिवसांत सर्व सभासदांसमोर हिशेब.

ज्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने हे एवढे निभावले, त्याच्यापुढे किती वाटा मोकळ्या होतात हे पालकांनी शांतपणे पाहावे. पंच होण्याचा मार्ग आहे; जागतिक रग्बी संघटनेचे प्रशिक्षक, पंच आणि प्रथमोपचार यांविषयीचे प्राथमिक पाठ इंटरनेटवरून विनामूल्य शिकता येतात. पतियाळा येथे 1961 पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षक घडवते आहे, पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापन झाले आहे, आणि फिजिओथेरपी, क्रीडा व्यवस्थापन, समालोचन, क्रीडा पत्रकारिता या व्यवसायांना खेळाची आतून माहिती असणारी माणसे लागतात. यांतील कोणत्याही वाटेसाठी बारावीचा आणि पदवीचा अभ्यास सोडावा लागत नाही, उलट तो लागतोच. आठवड्यातील दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ खेळाला देऊन उरलेला वेळ पुस्तकांना देणे हे सामान्य विद्यार्थ्यालाही साधते.

आणखी एका बाबतीत पालकांनी दक्ष राहावे. गावातल्या खाजगी स्पर्धेचे प्रमाणपत्र कितीही सुबक छापलेले असले तरी नोकरीच्या आरक्षणास ते चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांचीच प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जातात, त्यांचीही विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, आणि नियम वेळोवेळी बदलत असल्यामुळे शासनाचा ताजा निर्णय वाचूनच अर्ज करावा. म्हणून मूल पहिल्यांदा जिल्ह्याच्या संघात निवडले जाईल त्याच दिवशी एक फाईल करावी, आणि तीत निवडीचे पत्र, संघाची यादी, स्पर्धेचा निकाल व प्रमाणपत्र ही सारी कागदपत्रे तारीखवार लावून त्यांच्या साक्षांकित प्रती वेगळ्या ठेवाव्यात.