ह्यूस्टनच्या अंगणातल्या फायर अँटचा बंदोबस्त

पाऊस पडून गेला, ऊन आलं आणि लॉनवर भुसभुशीत मातीचे उंचवटे दिसायला लागले? घाबरू नका. ह्यूस्टन, शुगर लँड, केटी या दमट पट्ट्यात हे घरोघरी होतं आणि त्यावर उपाय आहे. फक्त क्रम मोडायचा नाही: आधी सगळ्या लॉनवर आमिष, वारुळांना हात नंतर. चला, पायांत मोजे आणि बंद बूट चढवा, पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि या बाहेर.

१. वारूळ ओळखा. घुमटासारखी सैल माती आणि वर मधोमध भोक नाही, म्हणजे हेच. खात्री नसेल तर लांब काडीने जरासं टोचा. तांबूस मुंग्या काडीवर सरसर चढल्या की ओळख पटली. काडी लगेच टाकून द्या, क्षणात त्या हातापर्यंत पोचतात. मधोमध भोक असलेली साध्या मुंग्यांची छोटी वारुळं मात्र राहू द्या.

२. आमिषाचं पाकीट आणा. मक्याच्या कण्या सोयाबीन तेलात भिजवून त्यात हळू काम करणारं औषध मिसळलेलं असतं. पाकिटावर ‘फायर अँट बेट’ आणि ‘लॉन’ दोन्ही छापलेलं पाहा. मेथी-मिरचीच्या वाफ्यात ते टाकायचं नाही; भाजीपाल्याला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच टाका.

३. पाकीट उघडून वास घ्या. खवट वास आला तर ते घेऊन काम होणार नाही, मुंग्या त्याला तोंडही लावणार नाहीत. गेल्या वर्षीचं उघडं पाकीट म्हणूनच वापरू नका.

४. हवामान बघा. पुढचे २४ तास तरी पाऊस नको. आपल्याकडे दुपारी कधी सर येईल नेम नसतो, म्हणून अंदाज त्याच दिवशी पुन्हा पाहा.

५. स्प्रिंकलरचा टायमर बंद करा. ही पायरी हमखास विसरली जाते! रात्री आमिष टाकायचं आणि पहाटे पाचला आपोआप पाणी सुटून सगळं भिजायचं, म्हणजे पैसे पाण्यात.

६. मुंग्या भुकेल्या आहेत का ते तपासा. बटाट्याचा एक तेलकट वेफर गवतावर ठेवा आणि अर्ध्या तासाने पाहा. काळपट-तांबूस गर्दी जमली असेल तर वेळ योग्य आहे. कोणीच आलं नाही तर आज थांबा. उन्हाळ्यात भर दुपारी जमीन तापते आणि मुंग्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा ऊन उतरल्यावर संध्याकाळी तपासा. सकाळी करणार असाल तर दव पूर्ण वाळू द्या.

७. आमिष मोजा. एका एकराला १ ते १.५ पौंड लागतं. तुमचं लॉन ५,००० चौरस फूट असेल तर हिशेब २ ते ३ औंसांचा, म्हणजे ५० ते ८० ग्रॅम. मूठभर दाणे बघून ‘एवढ्याने काय होणार?’ असं वाटेल. होतं! जास्त टाकून फायदा नाही. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर पाकिटाचंच ऐका.

८. हाताने फिरवायच्या छोट्या स्प्रेडरमध्ये आमिष भरा. खताचा स्प्रेडर घेऊ नका; खताचा वास आमिषाला लागतो. छिद्र सगळ्यांत लहान ठेवा.

९. नेहमीच्या चालीने सगळ्या लॉनवर फिरा. फुटपाथच्या कडेने, कुंपणालगत, झाडांच्या बुंध्यांपाशीही दाणे पडू द्या. न दिसणारी वारुळं तिथंच असतात. वारुळाच्या डोक्यावर ढीग ओतू नका. मुंग्या दूरवर हिंडून दाणे गोळा करतात आणि स्वतःच आत नेऊन राणीला भरवतात.

१०. हात साबणाने धुवा आणि उरलेलं पाकीट घट्ट बंद करून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

११. आता ७ ते १० दिवस वारुळांना हात लावू नका. ही सगळ्यांत अवघड पायरी आहे. वारूळ उकरलं की मुंग्या राणीला घेऊन दुसरीकडे जातात आणि केलेलं सगळं वाया जातं. काही औषधांना आठवडा लागतो, काहींना महिने. पाकिटावर लिहिलेलं असतं.

१२. त्यानंतरही दाराशी किंवा झोपाळ्यापाशी एखादं वारूळ जिवंत असेल तर त्यावर ८ ते ११ लिटर उकळतं पाणी हळू ओता. सकाळचं कोवळं ऊन पडलेलं असताना करा, तेव्हा मुंग्या वरच्या थरात असतात. पाणी पायावर सांडू देऊ नका, आणि तेवढं गवत जळणार हे धरून चाला. दहापैकी सहा वेळा एवढ्याने काम होतं. नाही झालं तर वारुळावर ओतायचं द्रव औषध आणा. पेट्रोल कधीही नको: आग लागते, माती नासते. रवा टाकूनही काही होत नाही.

१३. मुंग्या अंगावर चढल्याच तर हाताने किंवा फडक्याने झटकून टाका. नुसत्या पाण्याने त्या सुटत नाहीत, जबड्याने घट्ट धरून बसतात. डंखावर बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी पांढरी पुटकुळी येईल, ती फोडू नका. धाप लागली, ओठ-चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर वाट न बघता ९११ ला फोन करा.

१४. वर्षातून दोनदा आमिष टाका: एकदा वसंतात, एकदा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या दरम्यान. तारखा फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

१५. शेजाऱ्यांना सांगा. तुमचं लॉन साफ झालं तरी पलीकडच्या वारुळातून राण्या उडून येणारच. गल्लीतल्या चार घरांनी एकच शनिवार ठरवला तर सगळ्यांचाच त्रास कमी होतो. तेव्हा आजच ग्रुपवर मेसेज टाका, आणि कोणाला स्प्रेडर हवा असेल तर तुमचा द्या!