सरांच्या शब्दावर पीएच.डी. ठरवू नका

गणितात पीएच.डी. करायची म्हणून जुन्नर-आंबेगावातून दरवर्षी चारदोन पोरं-पोरी पुण्याची वाट धरतात. माझं जे झालं ते त्यांचं होऊ नये, म्हणून लिहितेय. राग आहेच, तो लपवत नाही.

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा 'पेट' पास होते, टोपॉलॉजीतलं प्रपोजल तयार होतं. पुण्यातल्या एका संशोधन केंद्रातले सर म्हणाले, "जागा तुझ्यासाठीच ठेवलीय बाळा, दुसरीकडे कशाला अर्ज करतेस?" त्यांच्या सांगण्यावरून मी थांबले. नारायणगावहून वाकडेवाडी, तिथून पुढे सिटी बस, आणि दर खेपेला "पुढच्या कमिटीत घेऊ". एवढ्यात टीआयएफआरच्या डिसेंबरातल्या परीक्षेचा फॉर्म गेला, एनबीएचएमच्या शिष्यवृत्तीचाही गेला.

मग एक दिवस विभागाच्या जिन्यात एक सीनियर सहज बोलून गेली, "सर तर पुढच्या वर्षी रिटायर होतायत." मी कट्ट्यावर बसून मोबाइलवर यूजीसीची 2022ची नियमावली उघडली. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. इतकं स्पष्ट! सरांना हे ठाऊक नव्हतं, असं कोण मानेल? विचारलं तर म्हणाले, "तुम्हा गावाकडच्या मुलांना फार घाई." घाई? त्यांच्याच शब्दावर तर थांबले होते!

तेव्हा आधी गाइडची निवृत्तीची तारीख विचारा. मग रिकाम्या जागा. प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6, असिस्टंटकडे 4 विद्यार्थी, ही कमाल मर्यादा. उत्तर विभागाकडून ईमेलवर घ्या, तोंडी नको.

नुसतं 'प्युअर मॅथ्स' म्हणून अर्ज करू नका. संख्या-सिद्धांतवाल्याकडे टोपॉलॉजी घेऊन गेलात तर तो काय करणार? गाइडचे पेपर झेडबीमॅथवर बघा, 2021पासून ते सगळ्यांना फुकट आहे. त्यांच्या हाताखाली किती जणांनी खरोखर पदवी घेतली, हे मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजीवर सापडू शकतं. जुन्या विद्यार्थ्यांशी चहा प्या. वेबसाइट सांगत नाही ते तिथे कळतं.

एकाच दारात बसू नका. टीआयएफआर, चेन्नईची आयएमएससी, प्रयागराजची एचआरआय, पाषाणची आयसर इथे अर्ज कराच. सोबत दोन विद्यापीठं अशीही ठेवा, जिथे तुमच्या विषयाचा माणूस आणि जागा दोन्ही आहेत. घरचे म्हणतील, "टीआयएफआर म्हणजे आपली खोडदची दुर्बीण ना, तिथेच विचार की." खोडदला रेडिओ खगोलशास्त्र चालतं, गणिताचं स्कूल कुलाब्याला आहे.

फेलोशिपशिवाय नाव घालू नका. जेआरएफचे महिना 37,000 असतील तर पुण्यात राहता येतं. नाहीतर शिकवण्या घेता घेता प्रबंध राहून जातो. आता तयारीचं. एम.एस्सी.च्या नोट्स पाठ करून प्रवेशाची मुलाखत निघत नाही. 1993पासून चालणारं एमटीटीएसचं उन्हाळी शिबिर बी.एस्सी.लाच गाठा, पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे तिथे जाऊन बसा. बाकी मेहनत करा, धीर सोडू नका, हे सगळे सांगतातच.

निवृत्तीचं विचारलं की काही सर उद्धट म्हणतील. म्हणू देत. त्यांना पेन्शन मिळते, वर्ष आपलं जातं.