एका अक्षराचे अंतर
(वाचनभाग : विलापगीत 3:17-33)

संकटातून वाचलेला मनुष्य उपासनेत उभा राहून साक्ष देतो, ‘देवाच्या दयेने मी वाचलो.’ ती साक्ष खरी असते. परंतु ज्याचे मूल वाचले नाही असा बापही त्याच मंडळीत बसलेला असतो. त्याने काय म्हणावे? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे गेली. तेथे वाचलेल्यांच्या शेजारीच न वाचलेल्यांची घरे होती.

ह्या प्रश्नासाठी विलापगीत 3:22 जवळून पाहणे अगत्याचे आहे. आपल्या परिचयाच्या मराठी भाषांतरात ह्या वचनाचा आशय असा आहे की, परमेश्वराच्या दयेमुळे आम्ही नष्ट झालो नाही. परंपरागत इब्री पाठात ‘ताम्नू’, म्हणजे ‘आम्ही संपलो’, हे क्रियापद आहे. प्राचीन सुरियानी भाषांतर व अरामी तार्गूम मात्र ‘ताम्मू’ ह्या पाठाला अनुसरतात. म्हणजे ‘त्या संपल्या’. नून ह्या एकाच अक्षराचा हा फरक. ‘त्या’ कोण? परमेश्वराच्या दया, इब्रीत हा शब्द येथे अनेकवचनी आहे. तेव्हा अर्थ होतो : परमेश्वराची दया संपलेली नाही. वचनाचा उत्तरार्धही त्याच्या करुणेविषयीच बोलतो, म्हणून हा दुसरा पाठ मला अधिक सयुक्तिक वाटतो. पहिला अर्थ वाचलेल्याच्याच मुखी शोभतो. दुसरा अर्थ सर्वस्व गमावलेलाही उच्चारू शकतो, कारण त्यात त्याच्या सुटकेविषयी काहीच म्हटलेले नाही. जे म्हटले आहे ते देवाविषयी आहे.

आता ‘करुणा’ हा शब्द घ्या. इब्री ‘रहमीम’ हा शब्द ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, ह्या शब्दाशी संबंधित आहे. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, त्याआधीच्या वेढ्यात तान्ही मुले आयांच्या कुशीत प्राण सोडीत होती (2:12). पुढे 4:10 येते. ते वचन आपण सहसा मोठ्याने वाचत नाही. कनवाळू स्त्रियांनी स्वतःच्या हातांनी पोटची मुले शिजवली, असे तेथे म्हटले आहे, आणि ‘कनवाळू’ ह्यासाठीचा इब्री शब्द त्याच धातूचा आहे! आईची माया जेथे आटली, त्या शहराच्या राखेत बसून लेखक म्हणतो की परमेश्वराची माया आटलेली नाही. हे पोट भरलेल्या माणसाचे तत्त्वज्ञान नव्हे.

चोविसाव्या वचनात तो परमेश्वराला आपला ‘वाटा’ म्हणतो. हा शब्द जमिनीच्या वाटणीतला आहे. लेव्यांना देशात जमीन नव्हती. परमेश्वरच त्यांचा वाटा होता (गणना 18:20). येथे तर सर्वांचेच वतन परक्यांच्या हाती गेले आहे (5:2). ज्याला दाखवायला सातबारा उरला नाही, तो हे बोलत आहे.

पण ह्या कबुलीनंतर त्याचे रडे थांबते काय? 3:49 पाहा, अश्रू पुन्हा वाहू लागतात. शोक करणाऱ्या बहिणीला ‘आता रडू नकोस, विश्वास ठेव’ असे सांगण्याची आपल्याकडे घाई असते. ती घाई ह्या पुस्तकात नाही. पाचव्या अध्यायाचा शेवट तर देवाने आपल्याला अगदीच टाकून दिले की काय, ह्या भयाने होतो. यहूदी सभास्थानात हे पुस्तक वाचताना शेवटच्या वचनानंतर त्याच्या आधीचे वचन पुन्हा वाचतात : हे परमेश्वरा, आम्हाला तुझ्याकडे परत ने. पुस्तकातले शेवटचे वचन मात्र कोणी पुसलेले नाही. तेही देवालाच उद्देशून आहे.