चूक कुणी दाखवली, ते आधी बघ

चि. मृण्मयी,


कॉलेजात सी सुरू झाली, आता प्रोग्राम लिहायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं तू विचारलंस. माझं मत सरळ आहे: पहिलं सेमिस्टर तरी साधा एडिटर आणि टर्मिनल एवढ्यावर काढ. आयडीईतलं, म्हणजे लिहिणं आणि चालवणं एकाच खिडकीत करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं, 'रन'चं बटण पुढे आहेच. हा जुन्या पद्धतीचा हट्ट नाही. प्रोग्रामिंग शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी चुकीचा उगम शोधायला शिकणं, आणि बटण नेमका तोच उगम झाकून टाकतं.

टर्मिनलवर जीसीसी ही कंपायलरची कमांड आणि पुढे फाइलचं नाव लिहून एंटर दाबलंस की एकामागून एक चार कामं होतात. प्रीप्रोसेसर 'इन्क्लूड'च्या जागी अख्खी हेडर फाइल आणून ठेवतो. पाच ओळींचा प्रोग्राम इथेच शेकडो ओळींचा होतो. जीसीसीला डॅश कॅपिटल ई हा ऑप्शन दे, म्हणजे तो पसारा स्क्रीनवर दिसेल. मग कंपायलर त्याची असेम्ब्ली करतो, असेम्ब्लर ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि लिंकर तिला लायब्ररी जोडून चालवण्याजोगी फाइल देतो. तू नाव दिलं नाहीस तर ती ए.आउट या नावाने येते. हे नाव म्हणजे 'असेम्ब्लर आउटपुट'चं लघुरूप. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी घडवली, त्याच्याही आधीच्या युनिक्समधलं. तेव्हा लिंकर वापरातच नव्हता, चालणारी फाइल थेट असेम्ब्लरच द्यायचा. पुढे काम चौघांत वाटलं गेलं, नाव मात्र टिकलं.

हे चौघे वेगळे ओळखता आले तर काय साधतं, ते बघ. लिनक्सवर वर्गमूळ काढणारा प्रोग्राम लिही. मॅथची हेडर फाइल घे आणि एसक्यूआरटीच्या कंसात सरळ २.० टाक. जीसीसी विनातक्रार फाइल तयार करून देतं. आता तोच आकडा स्कॅनएफने वापरणाऱ्याकडून घे. लगेच 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी' असा एरर येईल. फक्त बटणाची सवय असलेला विद्यार्थी हेडरची ओळ पुन्हा पुन्हा तपासतो, कंस मोजतो, शेवटी दुसऱ्याचा कोड चिकटवतो. पण त्या एररच्या शेवटच्या ओळीत एलडी हे नाव असतं, आणि एलडी म्हणजे लिंकर. म्हणजे तुझं सीचं व्याकरण बरोबर आहे. हेडरने फंक्शनची फक्त ओळख करून दिली होती. खुद्द फंक्शन गणिताच्या लायब्ररीत आहे आणि ती जोडायची राहिली. फाइलच्या नावानंतर डॅश एलएम लिहिलंस की काम झालं. पहिल्या वेळी आकडा आधीच ठाऊक होता, म्हणून कंपायलरनेच उत्तर काढून ठेवलं. लायब्ररीपर्यंत जायची वेळच आली नाही.

तू म्हणशील, कंपन्यांत सगळे मोठमोठे आयडीई वापरतात. वापरतात आणि वापरावेतच; पण त्यातलं बटणही आतून अशीच कमांड चालवतं, आणि ती बिघडली की आयडीईच्या खिडकीत हाच मजकूर उमटतो. शिवाय सर्व्हरवर बटण दाबायला कुणी बसलेलं नसतं, तिथे लिहून ठेवलेल्या कमांडच चालतात. एरर एआयला दाखवला की उत्तर मिळतं, हेही खरं. मात्र ते उत्तर तुझ्याच चुकीचं आहे का, हे पारखायला उगम तुलाच कळायला हवा. फाइली वाढल्या की तीच लांबलचक कमांड रोज टाइप करणं निरर्थक होतं, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी 'मेक' आहे; ते स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्जमध्येच लिहिलं. तू त्याच क्रमाने जा: आधी हाताने कर, मग मेक शीक, मग खुशाल आयडीई घे.

या रविवारी एकच कर. चालणारा छोटा प्रोग्राम घे आणि तो मुद्दाम चार तऱ्हांनी मोड: हेडरचं नाव चुकव, एक सेमीकोलन काढ, नुसतं डिक्लेअर केलेलं फंक्शन बोलाव, आणि शेवटी पूर्णांकाला स्कॅनएफने घेतलेल्या शून्याने भाग. पहिली चूक प्रीप्रोसेसर सांगेल, दुसरी कंपायलर, तिसरी लिंकर. चौथी प्रोग्राम चालवल्याशिवाय कळणारच नाही. चारही मेसेज वहीत उतरव आणि प्रत्येकासमोर तो कुणाचा ते लिही. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रोग्राम अडला, तर ते पान उघड.

तुझी,
आत्या