ढग बघून पंप काढू नका, आधी मोहोर बघा



पहाटे गारठा, दुपारी चटका आणि मध्येच ढगाळ. असं वातावरण झालं की ऑफिसच्या फोनवर एकच प्रश्न येतो: "ढग आलेत, उद्या फवारून घेऊ काय?" उत्तर सगळ्यांना एकच देता येत नाही. ढग सगळ्यांच्या बागेवर सारखेच असतात, पण मोहोराची अवस्था प्रत्येक कलमाची वेगळी असते.

*मोहोर फुललेला असेल तर*
हापूसच्या एका मोहोरात फुलं भरपूर, पण त्यातली बहुतेक नर. फळ धरतं ते फक्त द्विलिंगी फुलाला, आणि तेही माश्या, मधमाश्या यांनी पराग पोचवला तर. फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारलं की तुडतुड्याबरोबर या माश्याही जातात. मोहोर हिरवागार दिसतो, पण कणी धरत नाही. मग आपण दोष थंडीला देतो. थंडीही कारण असतेच. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की परागीकरण मंदावतं. म्हणूनच अशा दिवसांत उरलेल्या माश्या जपायला हव्यात.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा सल्लाही हाच आहे: फुललेल्या मोहोरावर शक्यतो फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर सकाळी ९ ते १२ ही परागीकरणाची वेळ सोडून करा.

*मग फवारायचं कधी?*
बागेत चार दिशांची चार-पाच कलमं निवडा. मोहोराखाली पांढरा कागद धरून मोहोर हलक्या हाताने झटका.

👉 *तुडतुडे:* कागदावर पाचरीसारखे बारीक किडे उड्या मारतात, पानांवर चिकटा दिसतो. मोहोर फुलण्याआधी असतील तर विद्यापीठाच्या वेळापत्रकातली पुढची फवारणी घ्या. मागच्या वेळचंच औषध पुन्हा नको.

👉 *भुरी:* मोहोराच्या दांड्यावर पांढरी पावडर. दिवसा ऊब आणि रात्री गारवा-दमटपणा असला की वाढते. हेक्साकोनॅझोल ५ टक्के, ५ मिली किंवा पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, २० ग्रॅम. १० लिटर पाण्यात.

👉 *करपा:* मोहोरावर काळे ठिपके, मोहोर सुकतो. नुसत्या ढगांपेक्षा पाऊस किंवा जास्त दवाने मोहोर ओला राहिला की याचा धोका. कार्बेन्डॅझिम १२ टक्के + मॅन्कोझेब ६३ टक्के हे मिश्र बुरशीनाशक, १० ग्रॅम १० लिटर पाण्यात.

👉 *काहीच दिसलं नाही:* पंप घरीच ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा बघा. औषध, पेट्रोल आणि गड्याची मजुरी वाचली, ती आपलीच.

*एकाच कलमावर मोहोर आणि कैरी, दोन्ही असतील तर*
थंडी लांबली की कैऱ्या असलेल्या फांद्यांवर पुन्हा मोहोर येतो. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीची बारीक फळं गळतात. ही गळ रोगाची नव्हे, त्यामुळे बुरशीनाशक मारून थांबत नाही. कातळावरच्या बागांत पाण्याचा ताणही गळ वाढवतो. पाण्याची सोय असेल तर फळं वाटाण्याएवढी झाल्यावर दर १५ दिवसांनी कलमाला १५० ते २०० लिटर पाणी, असं ३ ते ४ वेळा द्या. आळ्यात गवत-पाचोळ्याचं आच्छादन ठेवा.

*वहीत नोंद करा:* तारीख, औषध, प्रमाण आणि त्या दिवशी मोहोर कोणत्या अवस्थेत होता. औषधाच्या लेबलावर आंब्याचं नाव आहे ना आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे वाचूनच डबा उघडा. पेटी भरताना हीच वही उपयोगी पडते.

शंका असेल तर मोहोराचा जवळून फोटो काढून याच नंबरवर पाठवा. सोबत तो कधी फुलला आणि शेवटची फवारणी कोणती, एवढं लिहा. दुकानात जायच्या आधी पाठवा, नंतर नको. 🥭