मागे वळणारी वाट

प्रस्तावना
वाट खुंटली की मनुष्य बहुधा निराश होतो. परंतु पुढे जाण्याचे साधन कधी कधी मागेच राहिलेले असते. हा विचार एका व्हिडिओ गेमच्या रचनेत कसा साकार झाला, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

मूळ पाठ
जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. उड्या मारीत अडथळे ओलांडणारा त्याचा नायक उजवीकडे धावत राहतो. पडद्याआड गेलेल्या भागात त्याला परतता येत नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी याच कंपनीचा ‘मेट्रॉइड’ हा खेळ जपानमध्ये आला. त्याचे निर्माते होते गुनपेई योकोई. यातही उड्या होत्या; मात्र कथा विज्ञानकल्पनेची होती आणि दिशेचे बंधन नव्हते.

सॅमस ॲरन हा चिलखतधारी योद्धा अंतराळातील चाच्यांचा बीमोड करण्यासाठी झेबेस ग्रहाच्या भुयारांत उतरतो. सवयीने खेळाडू उजवीकडे निघतो, तोच एक अरुंद फट त्याला अडवते. उपाय असतो आरंभस्थानाच्या डावीकडे. तेथील साधन मिळताच योद्धा चेंडूसारखा गोल होऊन त्या फटीतून सरपटत जातो. लाल दरवाजे क्षेपणास्त्रांनीच उघडतात. गोठवणारा किरण मिळाला, की गोठलेला शत्रूच पायरी म्हणून उपयोगी पडतो. भुयारे तीच राहतात. बदलते ते खेळाडूचे सामर्थ्य. म्हणून जुन्या ठिकाणी परतणे हा येथे पराभव ठरत नाही.

हे स्वातंत्र्य सुलभ मात्र नव्हते. खेळात नकाशा नव्हता आणि अनेक भुयारे एकसारखीच दिसत. त्यामुळे कित्येक खेळाडू कागदावर स्वतःच नकाशे काढीत. पडद्यावर नकाशा दाखविण्याची सोय १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये झाली.

ठरावीक वेळेच्या आत खेळ पूर्ण केल्यास शेवटी चिलखत दूर होते आणि हा योद्धा स्त्री असल्याचे उघड होते. इंग्रजी माहितीपुस्तिकेनेही तिच्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले होते. वाटेप्रमाणेच गृहीत धरलेल्या समजुतीकडेही पुन्हा वळून पाहावे लागते, हे खेळाडूला अखेरच्या क्षणी उमगते.

शब्दार्थ
खुंटणे – पुढे जाणे थांबणे
बीमोड – समूळ नाश
गृहीत धरणे – विचार न करता खरे मानणे

पाठगत प्रश्न
१. ‘भुयारे तीच राहतात, बदलते ते खेळाडूचे सामर्थ्य’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. सॅमससाठी या पाठात आलेली पुल्लिंगी क्रियापदे शोधा व ती वाक्ये स्त्रीलिंगी करून पुन्हा लिहा.
३. अर्धवट सोडलेल्या एखाद्या कामाकडे नव्या तयारीने परत वळण्याविषयी आठ ओळी लिहा.