डीव्हीडी पाल की एनटीएससी? पाठवण्यापूर्वी पाहा

२००८ साली आम्ही कापडाच्या नमुन्यांची डीव्हीडी अमेरिकेतील एका गिऱ्हाइकाला पाठवली. आमच्या दुकानात ती उत्तम चालली होती. त्याच्या प्लेअरवर चित्रच उमटेना. डीव्हीडी पाल पद्धतीची, त्याचा प्लेअर फक्त एनटीएससीचा. दुसरी पाठवेपर्यंत हंगाम गेला, सौदाही गेला.

भारत, ब्रिटन व संयुक्त अरब अमिरातीत टीव्हीची जुनी पद्धत पाल होती. अमेरिका, कॅनडा व जपानमध्ये एनटीएससी. प्रक्षेपण पुढे डिजिटल झाले, पण डीव्हीडीवर हा भेद कायम आहे. आपल्याकडील बरेच प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात, म्हणून चूक इथे कळत नाही, परदेशी कळते.

ओळखायचे कसे? प्रथम वेष्टनाच्या मागे तळाशी पाहा. तिथे बहुधा पद्धत छापलेली असते. नसल्यास डीव्हीडी संगणकावर व्हीएलसीमध्ये लावा आणि ‘टूल्स’मधील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. चित्राचे माप ७२० बाय ५७६ असेल तर पाल, ७२० बाय ४८० असेल तर एनटीएससी. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रे असतात, एनटीएससीत साधारणपणे २९.९७.

वेष्टनावरील पृथ्वीगोलातला अंक पाहून फसू नका. तो विभागाचा अंक आहे, पद्धतीचा नव्हे. ब्रिटन व जपान दोघांचा अंक २, पण पद्धती वेगळ्या.

थानावरचा शिक्का वाचल्याशिवाय आपण माल उचलत नाही. डीव्हीडीलाही तोच नियम लावावा, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.